अलकनंदा : एका दूरस्थ सर्पिल दीर्घिकेचा परिचय

नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लातूर परिसरातील आकाश बहुधा निरभ्र असते. सोयाबीनची रास घरी आलेली असते, तूर फुलाशेंगांनी लवलेली असते आणि रात्रीच्या हवेत गारवा आलेला असतो. अशा वेळी रात्री साडेआठच्या सुमारास गावाच्या दिव्यांपासून दूर, शेताच्या बांधावर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर क्षितिज आणि माथा यांच्या मध्याच्या किंचित खाली, थोडासा पश्चिमेकडे, एक ठळक तारा एकटाच चमकताना दिसतो. हा मीनास्य. हात लांब करून धरावा आणि या ताऱ्यापासून पूर्वेकडे एका वितीहून थोडे कमी अंतर मोजावे. तेथे साध्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. परंतु पुण्यातील दोन खगोलशास्त्रज्ञांनी जिचा शोध लावला ती अलकनंदा नावाची दीर्घिका त्याच दिशेला आहे. तिच्यापासून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे १२०० कोटी वर्षे लागली आहेत.

या शोधाची माहिती देण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आला. वृत्तपत्रांत आलेले आकडे सांगून झाल्यावर नववीतील एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, तिथं कुणी गेलंच नाही, मग रुंदी मोजली कुणी?" प्रश्न अगदी योग्य होता आणि कला शाखेच्या पदवीधराला त्याचे उत्तर त्या वेळी देता आले नाही, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मोठमोठे आकडे वाचकांपुढे ठेवण्याचे काम आम्ही मंडळी नित्य करतो. ते आकडे कोणत्या मार्गाने हाती आले हे सांगण्याचे मात्र बहुधा राहून जाते. पुढील विवेचन त्या प्रश्नाच्या अनुरोधाने केलेले आहे.

दीर्घिका म्हणजे काय?

'दीर्घिका' हा शब्द संस्कृतातील होय. त्याचा मूळ अर्थ लांबट आकाराचे तळे किंवा विहीर. मराठी विज्ञानलेखनात तो अब्जावधी तारे, वायू आणि धूळ यांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या समूहासाठी रूढ झाला. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे असून केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर राहून सूर्य तिच्याभोवती फिरत असतो. एका प्रदक्षिणेला त्याला बावीस-तेवीस कोटी वर्षे लागतात.

१९२६ साली एडविन हबल यांनी दीर्घिकांची आकारावरून वर्गवारी केली. ज्यांच्या मध्यभागातून वळणदार भुजा निघतात त्या सर्पिल दीर्घिका. त्यांतही दोन पोटभेद त्यांनी मानले. काहींच्या भुजा गोल गाभ्यापासून निघतात. काहींच्या गाभ्यातून ताऱ्यांचा एक सरळ पट्टा आरपार गेलेला असतो आणि त्याच्या दोन टोकांपासून भुजा सुरू होतात. या दुसऱ्या प्रकारास दंडयुक्त सर्पिल दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा दंडयुक्त आहे. आपण स्वतः तिच्या आत असल्यामुळे हे कळण्यास मात्र फार काळ लागला. घराच्या ओसरीत बसून घराचा नकाशा काढण्यासारखे ते काम होते. धुळीतून पार जाणाऱ्या अवरक्त किरणांची निरीक्षणे मिळू लागल्यावरच तो दंड निःसंशय सिद्ध झाला. आपल्या शेजारच्या सर्पिल दीर्घिका अवरक्त किरणांत पाहिल्या असता त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दंडयुक्त आढळतात.

भुजांविषयी एक जुना पेच आहे आणि अलकनंदेचे महत्त्व समजण्यासाठी तो समजून घेणे अवश्य आहे. दीर्घिकेतील आतले तारे आपली प्रदक्षिणा लवकर पुरी करतात, बाहेरच्यांना वेळ लागतो. भुजा ही जर ठराविक ताऱ्यांचीच रांग असती, तर थोड्याच फेऱ्यांत ती घड्याळाच्या कमानीप्रमाणे गुंडाळली जाऊन दिसेनाशी झाली असती. तसे होत नाही. सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये यावर जे उत्तर मांडले त्याचे उदाहरण आपल्याकडे गळीत हंगामात रोज पाहावयास मिळते. उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघालेल्या असतात. वाटेत अरुंद पूल आला की तेथे गर्दी होते. पुढची गाडी पार होते, मागून दुसरी येऊन मिळते. सायंकाळी पाहावे तर एकही गाडी सकाळची नसते, परंतु रांग तेथेच असते. दीर्घिकेची भुजा ही अशी गर्दीची जागा असून तारे आणि वायू तिच्यातून येत-जात असतात. वायू तेथे दाबला जातो, त्यातून नवे तारे जन्मतात आणि नव्या, तेजस्वी, निळसर ताऱ्यांमुळे भुजा उठून दिसते. तिला घनता-तरंग असे म्हणतात.

असा तरंग सुबकपणे उमटावयाचा तर त्याला शांत, पातळ, एका दिशेने फिरणारी तबकडी लागते. दंड तयार होण्यासही असेच स्थैर्य लागते. विश्वाच्या प्रारंभीच्या काळात दीर्घिका वायूने गच्च भरलेल्या, एकमेकींवर आदळणाऱ्या आणि ओबडधोबड असाव्यात, तबकड्या स्थिरावून भुजा व दंड उमटण्यास कित्येक अब्ज वर्षे लागली असावीत, असा अंदाज दीर्घकाळ प्रचलित होता. हबल अवकाश दुर्बिणीने टिपलेली त्या काळची चित्रे या अंदाजाला पोषकच होती. त्यांत बहुतेक दीर्घिका लहान आणि गाठाळ दिसत.

सत्तर हजारांतील एक

२५ डिसेंबर २०२१ रोजी जेम्स वेब अवकाश दुर्बीण अवकाशात सोडण्यात आली. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा असून तो अठरा तुकड्यांचा आहे. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर, उन्हापासून आडोसा धरून ती अवरक्त प्रकाश टिपते. तिच्या निरीक्षणांचा मोठा भाग सर्व जगातील संशोधकांना खुला केला जातो. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक प्रा. योगेश वाडदेकर यांनी याच खुल्या माहितीचा उपयोग केला. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. कोणतीही नवी दुर्बीण उभारावी लागली नाही. लागली ती चिकाटी. सुमारे ७० हजार नोंदींमधून सर्पिल आकार शोधता शोधता ही एक दीर्घिका त्यांच्या नजरेस पडली. त्यांचा शोधनिबंध नोव्हेंबर २०२५ मध्ये 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी अँड अ‍ॅस्ट्रोफिजिक्स' या युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

नाव निवडताना त्यांनी हिमालयाकडे पाहिले. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात. मंदाकिनी आणि अलकनंदा या नद्यांचा संगम रुद्रप्रयागला होतो. आपल्याकडे तेरणा मांजरेला मिळते तसेच ते नाते. मंदाकिनीसारख्या दिसणाऱ्या दूरच्या दीर्घिकेला अलकनंदा हे नाव त्यामुळे शोभून दिसले. तिच्यात मध्यवर्ती फुगवटा आहे, सपाट तबकडी आहे आणि समोरासमोर निघणाऱ्या दोन सुस्पष्ट भुजा आहेत. भुजांवर नवताऱ्यांचे पुंजके दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे दिसतात.

मोजमापे कशी झाली?

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. रुंदी काढण्यासाठी दोन गोष्टी लागतात : वस्तू आकाशात किती मोठी दिसते आणि ती किती दूर आहे. पहिली गोष्ट छायाचित्रावरूनच कळते. अलकनंदेचा खरा विस्तार जेवढा कोन व्यापतो तो इतका लहान आहे, की रुपयाचे नाणे सुमारे तीन किलोमीटरवर धरावे आणि तेथून त्याचा काठ पाहावा. दुसरी गोष्ट अधिक कठीण. तेथपर्यंत टेप लावता येत नाही. तेथे प्रकाशच मोजपट्टीचे काम करतो.

विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकेकडून येणारा प्रकाश वाटेत ताणला जातो, त्याची तरंगलांबी वाढते आणि तो तांबड्या बाजूकडे सरकतो. या सरकण्यास ताम्रसृती म्हणतात. अलकनंदेची ताम्रसृती चारपेक्षा किंचित अधिक आहे. याचा अर्थ, निघताना जी तरंगलांबी होती ती येथे पोचेपर्यंत पाचपट झाली. जो प्रकाश तेथून निळा म्हणून निघाला तो आपल्याकडे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त होऊन येतो. हबल दुर्बिणीला त्या काळच्या दीर्घिका गाठाळ का दिसल्या याचा एक उलगडा येथेच होतो. तिला त्या दीर्घिकांचा मूळचा जंबुपार प्रकाशच काय तो मिळे आणि त्यात केवळ नवजात ताऱ्यांचे पुंजके चमकतात. तबकडीतील इतर ताऱ्यांचा प्रकाश ताणला जाऊन तिच्या आवाक्याबाहेर गेलेला असे. वेब दुर्बीण तोच भाग टिपते.

ताम्रसृती मोजण्यासाठी अलकनंदेचा प्रकाश एकवीस निरनिराळ्या रंगगाळण्यांतून पाहण्यात आला. मोंढ्यात धान्याची प्रत पाहताना वेगवेगळ्या छिद्रांच्या चाळण्या लावतात, तसा हा प्रकार. प्रत्येक गाळणीतून प्रकाशाचा एकच अरुंद पट्टा येतो. कोणत्या पट्ट्यात दीर्घिका दिसतच नाही, कोणत्यात ती एकाएकी उजळते, हे क्रमाने मांडले की प्रकाशाच्या आलेखातील ओळखीच्या पायऱ्या कोठवर सरकल्या हे समजते. उदाहरणार्थ, ठराविक मर्यादेपेक्षा आखूड तरंग हायड्रोजन वायू गिळून टाकतो. ती मर्यादा कोठे येऊन पडली हे दिसले की सरकणे किती हे कळते. गाळण्या जितक्या अधिक तितका अंदाज पक्का. ताम्रसृती हाती आली की विश्वाच्या प्रसरणाच्या गणितावरून काळ निघतो. विश्वाचे आजचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. अलकनंदेचा प्रकाश निघाला तेव्हा ते अवघे १५० कोटी वर्षांचे होते. त्यावरूनच तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे येतो.

या कामी निसर्गाचेही साहाय्य झाले. अलकनंदा आणि आपण यांच्या दरम्यान आबेल २७४४ नावाचा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश वाकतो आणि भिंगातून यावा तसा एकवटतो. त्यामुळे अलकनंदा आहे त्याहून सुमारे दुपटीने तेजस्वी दिसते. अर्थात भिंगातून दिसणारे चित्र थोडे ताणलेलेही असते. त्या समूहाचा नकाशा हाती घेऊन हा परिणाम वजा केल्यावरच वर दिलेली मापे मिळाली आहेत.

ताऱ्यांचे वजन कसे काढतात, असाही प्रश्न पुढे येणारच. जड तारे निळे असतात आणि लवकर विझतात. हलके तारे तांबूस असून दीर्घायुषी असतात. एकवीस पट्ट्यांतील उजेडाचे प्रमाण पाहून त्या मिश्रणात नवे किती, जुने किती आणि धुळीने झाकलेले किती, याचा मेळ गणिताने बसवतात. त्यावरून अलकनंदेतील ताऱ्यांचे वस्तुमान दहा अब्ज सूर्यांच्या किंवा त्याहून काहीसे अधिक भरते. दरवर्षी सुमारे साठ सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे तेथे निर्माण होत होते. आपल्या आकाशगंगेतील आजच्या वेगाच्या हा वेग वीसपटीहून अधिक आहे. वाचकांनी एक साधा गुणाकार करून पाहावा. वर्षाला साठ या हिशेबाने वीस कोटी वर्षांत बाराशे कोटी, म्हणजे बारा अब्ज सूर्य होतात. संशोधकांच्या मते तेथील निम्मे तारे सुमारे वीस कोटी वर्षांतच जन्मले. सूर्याला आकाशगंगेभोवती एक प्रदक्षिणा घालण्यास लागतो त्याहूनही थोडा कमी असा हा अवधी आहे.

म्हणूनच 'आपल्या आकाशगंगेसारखी' हे अलकनंदेचे वर्णन जपून घ्यावयास हवे. आकृतीपुरते ते खरे आहे. परंतु तिचा व्यास आपल्या आकाशगंगेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, ताऱ्यांचे वस्तुमानही बरेच कमी आणि नवताऱ्यांच्या निर्मितीचा वेग मात्र कितीतरी अधिक. शिवाय आपण पाहतो ती तिची बाल्यावस्था आहे. आज, या क्षणी, ती कशी असेल हे कोणालाही पाहता येणार नाही.

कोडे कोठे आहे?

एवढ्या लवकर एवढी सुबक तबकडी तयार झाली कशी, हा खरा प्रश्न आहे. समजा, अलकनंदेच्या कडेचा एखादा तारा आपल्या सूर्याच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर, फिरत असेल. तरी त्याच्या एका फेरीस तेरा कोटी वर्षांच्या आसपास लागतील. विश्वाच्या आरंभापासून तोवरचा सर्व काळ धरला तरी फेऱ्या अकराच्या पुढे जात नाहीत, आणि दीर्घिका काही पहिल्या दिवसापासून घडलेली नसणार. एवढ्याशा अवधीत वायू जमला, तबकडी सपाट झाली, फुगवटा तयार झाला आणि दोन भुजा रेखीव उमटल्या.

दोन शक्यता मांडल्या गेल्या आहेत. थंड वायू सभोवतालच्या अवकाशातून संथपणे, सलग येत राहिला असेल, तर तबकडी न विस्कटता वाढली असेल आणि तिच्यात घनता-तरंग उठला असेल. अथवा एखादी लहान दीर्घिका जवळून गेली असेल आणि तिच्या ओढीने भुजा निर्माण झाल्या असतील. मात्र अशा ओढीने उमटलेल्या भुजा फार काळ टिकत नाहीत. सामान्य वाचकास पहिली शक्यता अधिक पटेल. निकाल मात्र निरीक्षणांनीच लागावयाचा आहे.

अलकनंदा एकटी नाही, हेही नमूद करणे उचित होईल. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सीअर्स-२११२ या दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेचे वर्णन प्रसिद्ध झाले. विश्व सुमारे २१० कोटी वर्षांचे असतानाची ती आहे आणि आपली आकाशगंगा त्या वयात जशी असावी तशी ती भासते. दंड हे प्रौढपणाचे लक्षण, या समजुतीस त्यामुळे मोठा धक्का बसला. दंडाचे कामही क्षुल्लक नसते. तबकडीतील वायू तो केंद्राकडे वाहून नेतो आणि दीर्घिकेची पुढील वाढ बदलून टाकतो. २०२५ मध्ये झुलाँग नावाच्या एका दीर्घिकेचे वृत्त आले. ती त्याहूनही अगोदरची, विश्व सुमारे शंभर कोटी वर्षांचे असतानाची, सर्पिल दीर्घिका असावी असे मानले जाते. अशी उदाहरणे वाढत चालल्याने दीर्घिका कशा घडतात हे सांगणाऱ्या संगणकीय प्रतिमानांना आपला हिशेब पुन्हा तपासावा लागणार आहे.

वायूचा विषय निघालाच आहे, तर पुण्याच्या याच केंद्राच्या दुसऱ्या कामाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. जुन्नर तालुक्यातील खोडदजवळ प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेथे सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तारे ज्यापासून बनतात त्या हायड्रोजनकडून येणारी २१ सेंटिमीटरची क्षीण लहर ती ऐकते. एकेका दूरस्थ दीर्घिकेचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या वायूचे सरासरी मोजमाप काढले. ते २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्या काळच्या दीर्घिका ज्या वेगाने तारे घडवीत होत्या, त्या वेगाने त्यांच्याजवळचा वायू शंभर ते दोनशे कोटी वर्षांतच संपला असता, असे त्यातून दिसले. विश्वातील ताऱ्यांची निर्मिती पुढे मंदावली याचे कारण बहुधा हेच. बाहेरून भर पडली नाही तर साठा आटणारच, हे मांजरा धरणाकाठच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

अलकनंदेपासून निघालेली हीच लहर येथे पोचेपर्यंत एक मीटरहून थोडी अधिक लांब झालेली असेल. ती ओळखता येण्याइतकी प्रबळ नाही. तेव्हा तिच्याविषयीची पुढची पायरी वर्णपटाची आहे. गाळण्यांवरून काढलेली ताम्रसृती कितीही काटेकोर असली तरी वर्णपटातील रेषांनी तिची खातरजमा व्हावी लागते. त्याच रेषांवरून दुसरी आणि अधिक मोलाची गोष्ट कळते. फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. दोहोंकडील रेषा किंचित वेगळ्या ठिकाणी पडतात. त्या फरकावरून तबकडी किती वेगाने फिरते आणि तिच्यातील वायू शांत आहे की खळबळलेला, हे मोजता येते. त्यासाठी वेब दुर्बिणीचा वर्णपटमापक किंवा चिलीच्या वाळवंटातील आल्मा दुर्बीण वापरावी लागेल. अलकनंदेची रुंदी, वय, वस्तुमान आणि नवताऱ्यांचा दर यांची उत्तरे छायाचित्रांतून मिळाली. तिच्या भुजांमागे शांत तबकडीतील तरंग आहे की निघून गेलेल्या एखाद्या शेजारणीची ओढ, हे ठरविणारे वेगाचे माप त्या वर्णपटातून यावयाचे आहे.